तिथी, भरती आणि आम्ही घाटावरचे

‘सर, सहलीवर काहीतरी लिहा,’ असे संपादक मंडळातील विद्यार्थ्यांनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. आमच्या नियतकालिकात सहलीचे वर्णन दरवर्षी असतेच. पहाटे पाचला एस.टी. सुटते, घाटात गाणी होतात, सूर्यास्ताला सर्वांची अंतःकरणे भरून येतात आणि परतताना कुणाचा तरी डबा हरवतो. त्यात मी आणखी काय भर घालणार? पण भूगोल शिकविण्यात उभा जन्म गेला, आणि समुद्रकिनाऱ्यावर विद्यार्थ्यांना नेताना जी एक गोष्ट मी प्रत्येक वेळी तोंडी सांगत आलो ती कधी कागदावर उतरविली नाही, हेही खरे. तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे. हा एक धडा आहे, आणि तो मी वर्गात शिकलेलो नाही.

कोल्हापूरच्या माणसाचे समुद्राशी नाते जरा विचित्रच आहे. नकाशावर पट्टी ठेवून पाहा. देवगडचा किनारा इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास भरतो. पण आपली पंचगंगा त्या समुद्राकडे पाठ फिरवून कृष्णेला मिळते आणि आपले पाणी सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. फोंडा घाटाच्या माथ्यावर पडणारा पावसाचा एक थेंब पश्चिमेला घरंगळला तर थोड्याच काळात अरबी समुद्रात पोचतो, आणि पूर्वेला वळला तर त्याला हजारावर किलोमीटरची यात्रा घडते. इतिहासाचेही तसेच. मालवणचे बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ला १८१२ पर्यंत कोल्हापूरच्या गादीकडे होता. त्या वर्षीच्या तहात तो इंग्रजांकडे गेला आणि करवीर राज्याचा समुद्र सुटला. तेव्हापासून आपण समुद्राला भेटतो ते पाहुणे म्हणून. पाहुण्याला घरातल्या चालीरीती ठाऊक नसतात आणि विचारायची त्याला लाज वाटते.

१९७९ च्या जानेवारीत मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमची सहल कुणकेश्वरला पोचली. देवगड तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला अजून दोन वर्षे होती. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट असा प्रवास करून, अंगावरची तांबडी धूळ झटकत आम्ही देवळापाशी उतरलो. देऊळ अगदी समुद्रालगत. पायथ्याशी काळा कातळ आणि एका बाजूला मिठमुंबरीच्या दिशेने पसरलेली लांबच लांब पुळण. दुपारचे तीन वाजून गेले होते. जेवणे झाली होती, आणि समोर एवढे पाणी असताना कोल्हापूरची पोरे काठावर बसणे शक्यच नव्हते.

माझा एक वर्गमित्र होता. त्याला आपण पैलवान म्हणू, कारण तो खरोखरच तालमीत जात असे. रंकाळ्यात तासन्‌तास पोहणारा, पावसाळ्यात पंचगंगेच्या पुरात उडी घालून खालच्या घाटाला निघणारा गडी. किनाऱ्यावर सगळीकडे लाटा फुटत होत्या, फेस उसळत होता. मधेच एका ठिकाणी मात्र वीस-पंचवीस हात रुंदीचा पट्टा शांत दिसत होता. तिथे लाट फुटत नव्हती आणि पाण्याचा रंगही जरा गडद होता. ‘लाटा नाहीत तिथं उतरू, तिथं पाणी निवांत आहे,’ असे मीच म्हणालो. हे वाक्य माझे आहे आणि ते मी आजवर विसरलेलो नाही.

पैलवान पुढे होता, मी कमरेएवढ्या पाण्यात. दोन मिनिटांत मला जाणवले की पायाखालची वाळू सरकते आहे आणि पाणी मला आत ढकलते आहे. मी कसाबसा बाजूला झालो. पैलवान मात्र आत गेला होता. तो परत किनाऱ्याकडे हात मारत होता, जोरात मारत होता, आणि तरीही आमच्यातले अंतर वाढत होते. असा पोहणारा माणूस जागच्या जागी दमताना मी त्याआधी पाहिला नव्हता. किनाऱ्यावरून सगळे ओरडत होते आणि प्रत्येक जण तेच ओरडत होता, ‘मागं ये, मागं ये!’

कातळाच्या बाजूने एक म्हातारे कोळी धावत आले. त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले आणि ओरडले, ‘आडवो जा रे झिला, आडवो!’ आम्हाला अर्थ लागायला क्षणभर वेळ गेला. पैलवानाला लागला. तो किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचे थांबला, उताणा झाला, श्वास घेतला आणि मग किनाऱ्याला समांतर, आडवा, हळूहळू हात मारीत गेला. तीस-चाळीस हातांवर त्याला ओढ सोडून गेली आणि फुटणाऱ्या लाटांनीच त्याला वाळूवर आणून टाकले. तो बराच वेळ पालथा पडून होता. मी त्याच्याजवळ बसलो होतो, पण काही बोललो नाही.

आता यातील शास्त्र पाहू. लाटा किनाऱ्यावर पाणी चढवीत राहतात. ते पाणी परत जायला हवे. किनाऱ्याजवळ पाण्याखाली वाळूचे बांध असतात. त्यांत जिथे खिंड असेल तिथून हे परतीचे पाणी एकवटून बाहेर धावते. पाणी ओसरू लागले की बांध वर येतात, खिंड अरुंद होते आणि धार जोर धरते. तिचा वेग सेकंदाला मीटरभर, कधी त्याहूनही अधिक होतो. अशा वेगापुढे पट्टीचा पोहणाराही फार काळ टिकत नाही. खिंडीत पाणी खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही. म्हणून वरून तो पट्टा शांत दिसतो. नवख्या माणसाला जी जागा सुरक्षित वाटते नेमकी तीच सर्वांत घातकी. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. माणूस बुडतो तो तिच्याशी झगडून दमल्यामुळे. म्हणून अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि सुटायचे तर आडवे जावे. काठावरच्याने मागोमाग उडी घालू नये. दोर, रिकामा डबा, फुगविलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेकावे.

गंमत अशी की (त्या वेळी ती गंमत नव्हती) पैलवानाला हे सारे येत होते. पंचगंगेच्या पुरात उडी घालणारा कोणीही धारेच्या उलट पोहत नाही. धारेला तिरका हात मारून तो काठ गाठतो. ती समुद्रातली नदीच होती. फक्त तिला काठ नव्हते, म्हणून त्याने तिला ओळखले नाही.

अलीकडे विद्यार्थी मला लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याच्या खेळाबद्दल, सर्फिंगबद्दल विचारतात. हवाई बेटांवरचा हा जुना खेळ. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील माणसांनी १७७९ च्या सुमारास त्याची वर्णने लिहून ठेवली आहेत. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, तो प्रथमच खेळला गेला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कर्नाटकातील मुल्की हे गाव त्यासाठी नावाजलेले आहे. हे खेळाडू फुटत्या लाटांपलीकडे जाण्यासाठी हाच शांत पट्टा मुद्दाम शोधतात आणि त्या ओढीवर बसून फुकटात आत जातात. ज्याने आमच्या मित्राचा जीव जायची वेळ आली होती ती त्यांची जाण्याची वाट आहे.

त्या रात्री आम्ही फारसे झोपलो नाही. सकाळी सातच्या सुमारास मी एकटाच कातळावर गेलो आणि पाहतो तो समुद्र जागेवर नाही! काल जिथे पाणी आपटत होते तिथे कितीतरी लांबपर्यंत खडक उघडा पडला होता, आणि चार-पाच बायका वाकून लोखंडी टोकाने कालवे फोडीत होत्या. त्यांतल्या एका वयस्क काकींनी मला विचारले, ‘काल तुमचोच झिल बुडत होतो मा?’ मी मान हलविली. त्यांनी पुढे विचारले, ‘काल तिथ खंयची होती?’ मला सांगता आले नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्याला चंद्राच्या कला तोंडपाठ होत्या, आजची तिथी मात्र ठाऊक नव्हती. काकी हसल्या. काल वद्य द्वितीया होती, तिसऱ्या प्रहरी सुकती जोरात असणार, हे त्यांच्या घरातल्या पोरालाही कळते. कोकणात ओहोटीला सुकती म्हणतात.

त्यांनी सांगितलेला हिशेब असा. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. द्वितीयेला दीड, म्हणजे दुपारी आणि रात्री दीडला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथी शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. आम्ही तीन-साडेतीनला उतरलो तेव्हा भरती ओसरून पाणी वेगाने घटत होते, बांध उघडे पडत होते आणि खिंडीतली धार वाढत होती. सारे पंचांगात होते. आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते इतकेच.

घरी आल्यावर मी या हिशेबाच्या मागे लागलो. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो, आणि भरती त्याच्या मागोमाग जाते. तीस तिथींत हा उशीर चोवीस तासांचा होतो. म्हणजे एका तिथीला सरासरी बरोबर ४८ मिनिटे. काकींची पाऊणपट ४५ मिनिटांची. तीन मिनिटांची ही चूक तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी पत्करलेली आहे, आणि पंधरवडा संपला की हिशेब पुन्हा एकपासून सुरू होत असल्यामुळे ती साचून राहत नाही. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-देवगडला ती मुंबईच्या आधी येते. तेव्हा या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावाच. अचूक वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टके आहेत, आता तर मोबाईलवरही वेळा दिसतात. तरीही मी विद्यार्थ्यांना प्रथम पाऊणपट करायला लावतो. मोबाईलची वीज संपते, तिथी संपत नाही.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. अष्टमीला ते काटकोनात ओढतात, तेव्हा भरतीही लहान आणि ओहोटीही लहान. कोकणात त्याला भांगाचे पाणी म्हणतात. सूर्य एवढा प्रचंड, पण तो दूर असल्याने भरतीवरचा त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमीच. सर्वांत मोठे उधाण नेमके पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी येते. किनाऱ्याचा आकारही पाहावा लागतो. देवगड-मालवणला उधाणात पाणी दोन-अडीच मीटर चढउतार करते, मुंबईला पाचच्या आसपास, आणि खंबायतच्या आखातात निमुळत्या तोंडामुळे दहा मीटरच्याही वर.

हे न जाणणारे आपणच पहिले नाही. इ.स. पूर्व ३२५ मध्ये शिकंदराचे आरमार सिंधू नदीच्या मुखाशी आले तेव्हा पाणी अचानक ओसरून गलबते चिखलात बसली आणि नंतर भरती येऊन एकमेकांवर आदळली. ज्यांच्या घरच्या भूमध्य समुद्राला भरती जवळजवळ नाही, त्या ग्रीकांची तारांबळ उडाली. उलट आपल्या विजयदुर्गजवळ वाघोटण खाडीच्या काठी मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी पाहा. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला कोरडे झाले की डागडुजी करायची. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य पाहावी.

आणखी एक गैरसमज. पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढते असे सर्वांना वाटते. तसे नाही. एकूण चढउताराचे बारा भाग कल्पा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी येते. दोन मीटरच्या भरतीत ते मीटरभर झाले. सपाट पुळणीला पन्नासास एक असा उतार धरला तर दोन तासांत पाण्याची कड पन्नास मीटर आत येते. कातळावर रमलेल्या माणसाच्या पाठीमागून पाणी भरते आणि तो बेटावर अडकतो, ते याच दोन तासांत.

१९९४ साली मी शिक्षक म्हणून एक तुकडी घेऊन तिथेच गेलो होतो. पौर्णिमा होती. संध्याकाळी सहाला मुलांनी छान सपाट, घट्ट वाळू पाहून दोन तंबू ठोकले. मी विचारले, ‘इथेच का?’ ‘सर, इथं वाळू बसलेली आहे, खुंट्या पक्क्या बसतात.’ वाळू बसलेली होती कारण तिच्यावरून रोज दोनदा पाणी जात होते. मी बोललो नाही. फक्त वर सुरूच्या झाडांजवळ वाळक्या शेवाळाची, नारळाच्या सोडणांची आणि काटक्यांची जी वेडीवाकडी रेघ होती तिच्यापलीकडे माझी वळकटी टाकली. साडेदहाला पहिल्या तंबूत पाणी शिरले. जी धावपळ झाली ती इथे वर्णन करण्याजोगी नाही, पण त्या तुकडीतील एकही विद्यार्थी परीक्षेत उधाणाच्या प्रश्नाला चुकला नाही. (माझी ही अध्यापनपद्धती आज कोणी मान्य करील असे वाटत नाही.) कचऱ्याची ती रेघ म्हणजे मागच्या मोठ्या भरतीची सही. मुक्काम तिच्या वर, तोही अमावास्या-पौर्णिमा पुढे असेल तर चांगला वर. किनाऱ्यावरील बांधकामाचे जे नियम केंद्र सरकारने १९९१ मध्ये प्रथम काढले, त्यांचे अंतर मोजले जाते तेही भरतीच्या रेषेपासूनच.

पण हा सारा हिशेब केवळ भीतीपोटी करायचा नाही. मला त्याचे खरे बक्षीस मिळाले ते त्या दुसऱ्या सकाळीच. तृतीया, उधाणाची ओहोटी, आठचा सुमार. काकींनी मला कातळाच्या टोकाकडची डबकी दाखविली. पाणी मागे हटताना खडकाच्या खळग्यांत जे मागे ठेवून जाते त्यात एक अख्खे गाव नांदत असते. आणि त्या गावात आळ्या आहेत. सर्वांत वर, जिथे पाण्याचे नुसते तुषार पोचतात, तिथे मुगाएवढ्या गोगलगायी फटींत चिकटलेल्या. त्याखाली खडकाला खरखरीत करणारे, चुन्याच्या घरातले बार्नेकल. ते शिंपल्यासारखे दिसतात, पण नाते खेकड्या-कोळंबीशी. मग कालवे. आणि सर्वांत खाली, क्वचितच उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात, शेवाळाची दाट झुडपे आणि समुद्रफुले. प्रत्येकाने आपण उन्हात किती तास कोरडे राहू शकतो त्याप्रमाणे जागा धरलेली. वरच्या मर्यादेला ऊन आणि कोरडेपणा, खालच्या मर्यादेला शत्रू आणि शेजारी.

डबक्यातले जगणे सोपे नाही. दुपारी ते तापते, पाणी आटून खारटपणा वाढतो; पावसात तेच जवळजवळ गोडे होते; सहा तासांनी समुद्र येऊन सारे पुन्हा पहिल्यासारखे करतो. एक चिनी टोपीसारखा शंख खडकाला घट्ट बसलेला असतो. भरतीत तो शेवाळ चरायला हिंडतो आणि त्यांतले कितीतरी ओहोटीआधी नेमके आपल्याच जागी परततात, कारण त्या जागेशी त्यांच्या शिंपल्याची कड झिजून जुळलेली असते. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा तर बहुतेकांनी पाहिला असेल. आपण शोभेसाठी शंख उचलून आणतो तेव्हा त्याच्या गावातले एक घर कमी करतो.

हे मी आज लिहितो, १९७९ मध्ये आम्ही काय केले ते सांगायलाच हवे. महाविद्यालयाच्या संग्रहासाठी म्हणून आम्ही दोन तारामासे, एक समुद्रकाकडी आणि बरेच शंख प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेतले. फोंडा घाट चढेपर्यंत सारे मेले आणि राधानगरीपर्यंत गाडीत बसवेना. पिशवी भोगावतीच्या काठी फेकून दिली. पुढे २००१ पासून समुद्रकाकड्या, समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण मिळाले आहे, आणि मालवणचा सागरी पट्टा तर १९८७ मध्येच अभयारण्य जाहीर झाला. आता माझे विद्यार्थी वही आणि शिसपेन्सिल घेऊन जातात. एका डबक्यापाशी अर्धा तास स्थिर बसायचे, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, उचललेला दगड पुन्हा तसाच ठेवायचा. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घ्यायचा नाही. त्याच्या काही जातींचा दंश विषारी असतो. पाठ समुद्राकडे करायची नाही. आणि हिशेबाने आलेल्या ओहोटीच्या वेळेआधी तासभर पोचायचे, पाणी फिरले की वर यायचे.

पैलवानाचे सांगायचे राहिले. तो आता गावी असतो, शेती आणि गुऱ्हाळ पाहतो. समुद्रात तो पुन्हा उतरला नाही, आणि ‘तिथं पाणी निवांत आहे’ हे कोण म्हणाले होते याचा त्याने कधी उल्लेखही केला नाही. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. नातू मित्रांबरोबर गणपतीपुळ्याला निघाला होता. ‘तुझ्या त्या पाऊणपटीनं जरा बघून सांग, शनिवारी पाणी कसं आहे.’ मी कालनिर्णय काढले. दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला भरती, दुपारी पावणेदोनला पूर्ण ओहोटी. म्हणजे पोरे जेवणापूर्वी पाण्यात उतरतील ती नेमकी सुकतीच्या जोरात. तसे त्याला सांगितले, शांत पट्ट्याचेही पुन्हा सांगितले.

‘थांब,’ तो म्हणाला, ‘त्यालाच फोन देतो. तूच सांग. आणि आडवं जायचं ते आधी सांग.’